सहा किलोचा लाल सिलिंडर आणि एक परात

पत्र थोडक्यात: सांगलीत विश्रामबागला दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका ताईंनी लिहिलं आहे. घरात त्या, यजमान, नववीतला मुलगा आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई. यजमान कुपवाडच्या एमआयडीसीत नोकरीला. दिवाळीच्या फराळाच्या वेळी चकल्या तळताना फोन आला, ताई बाहेरच्या खोलीत गेल्या आणि येईतो कढईतल्या तेलानं पेट घेतला होता. काही न सुचून त्यांनी कणकेची परात कढईवर पालथी घातली आणि गॅस बंद केला. दोन मिनिटांनी परात उचलून पाहिली तर पुन्हा भडका. परत झाकली. कुणाला इजा झाली नाही, भिंत तेवढी काळी झाली.

त्यानंतर यजमानांनी कंपनीला माल पुरवणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून सहा किलोचा अग्निशामक सिलिंडर आणला आणि ओट्यालगतच्या भिंतीवर टांगला. एक किलोचा गाडीच्या डिकीत टाकला. गाडी सीएनजीवरची, आठ वर्षांची. मुलगी पुण्याला शिकते म्हणून महिन्यातून दोनदा तिकडे फेरी होते. मोठा सिलिंडर ताईंना उचलत नाही. सासूबाई म्हणतात, देवघरासमोर हे अभद्र कशाला? दारावर आलेला एक विक्रेता सांगून गेला की दरवर्षी रिफिल सक्तीचं आहे. ताई विचारतात: "घरासाठी आणि गाडीसाठी सगळ्यात चांगला सिलिंडर कोणता? आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी मी नुसती परात टाकली याची अजून लाज वाटते. हे म्हणतात, तेव्हा सिलिंडर घरात असता तर दोन मिनिटांत विझलं असतं."

ताई,

तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते. लाज कसली वाटते? कढईतलं तेल पेटल्यावर जे करायला हवं, नेमकं तेच तुम्ही केलंत. झाकण घातलंत आणि गॅस बंद केलात. क्रम उलटा झाला असता तरी चाललं असतं. न सुचून केलं म्हणता, पण हाताला ते सुचलं. घाबरलेली माणसं अशा वेळी बहुतेकदा पाणी ओततात किंवा पेटती कढई उचलून मोरीकडे धावतात. यातलं काहीही झालं असतं तर आज तुम्ही मला काळ्या झालेल्या भिंतीबद्दल लिहिलं नसतंत.

पाण्याचं एवढं वाईट का, तेही सांगते, म्हणजे मुलाला समजावता येईल. पेटलेलं तेल साडेतीनशे अंशांच्या आसपास तापलेलं असतं. पाणी त्यात पडलं की तळाशी जातं आणि तिथे एका क्षणात त्याची वाफ होते. एक लिटर पाण्याची दीड हजार लिटरहून जास्त वाफ. ती बाहेर पडताना पेटतं तेल फवाऱ्यासारखं छतापर्यंत उडवते. तांब्याभर पाण्यानं अख्खं स्वयंपाकघर पेटू शकतं.

चूक झाली ती एकच, दोन मिनिटांनी परात उचलून पाहिली ती. ज्वाळा गेली होती, तेल मात्र तेवढंच तापलेलं होतं. हवा मिळाली आणि ते आपोआप पुन्हा पेटलं. अशा वेळी झाकण ठेवून द्यायचं, गॅस बंद आहे ना ते पाहायचं आणि अर्धा तास तरी तिकडे हात लावायचा नाही. कढई जागची हलवायची नाही. चकल्या गेल्या तर गेल्या.

आता यजमानांच्या म्हणण्याकडे वळू. त्यांचा राग काळजीतून आलेला आहे. माणसानं दुसऱ्याच दिवशी जाऊन वस्तू आणली, भिंतीला भोक पाडून टांगली. पुष्कळ घरांत यावर नुसती चर्चा होते. पण "सिलिंडर असता तर दोन मिनिटांत विझलं असतं" यात दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत आणि दोन्ही तपासून बघायला हव्यात.

पहिली गोष्ट दोन मिनिटांची. सहा किलोचा सिलिंडर दोन मिनिटं चालतच नाही. सगळा मिळून पंधरा-वीस सेकंद. दोन किलोचा आठ-दहा सेकंद. अंक म्हणून हे सगळ्यांना माहीत असतं, पण हातात घेतल्यावर ते किती कमी आहे ते कळतं. पिन ओढताना गोंधळ झाला, पहिला फवारा भिंतीवर गेला, की निम्मा ऐवज संपला.

दुसरी गोष्ट, तो कढईवर चालला असता ही. तुमच्याकडे आलाय तो एबीसी पावडरचा असणार, कंपन्यांमध्ये सगळीकडे तोच दिसतो. आत मोनो अमोनियम फॉस्फेट नावाची पिवळसर पावडर असते आणि तिला बाहेर ढकलायला नायट्रोजन दाबून भरलेला असतो. ए म्हणजे लाकूड, कापड, कागद अशा घन वस्तू. बी म्हणजे पेट्रोल-रॉकेलसारखे द्रव. सी म्हणजे गॅस. (परदेशी व्हिडिओ पाहून गोंधळ होतो, कारण अमेरिकेत सी म्हणजे विजेची आग. आपल्याकडे सी म्हणजे गॅसच.) स्वयंपाकाच्या तापलेल्या तेलाचा वर्ग या तिघांहून वेगळा आहे, त्याला एफ म्हणतात, अमेरिकी पद्धतीत के. एबीसीचा झोत जोरात येतो. तुमच्या ओट्यापाशी उभं राहून, हातभर अंतरावरून तो कढईत मारला असता तर तेल उडालं असतं. समजा ज्वाळा विझली, तरी पावडर तेलाला थंड करत नाही. मग परात उचलल्यावर जे झालं तेच पुन्हा झालं असतं, आणि या खेपेला सिलिंडर रिकामा. तेव्हा यजमानांना प्रेमानं सांगा की त्या दिवशी परातच वरचढ ठरली.

याचा अर्थ सिलिंडर नकोच असा नाही. स्वयंपाकघरात तेल सोडून बरंच काही पेटतं: खिडकीचा पडदा, मिक्सरची वायर, ओट्याखालची रद्दी. देवघरातलं निरांजन लवंडलं तर खालचं वस्त्र. इन्व्हर्टरची बॅटरी, टीव्हीमागचा गुंता झालेला एक्स्टेंशन बोर्ड. यांच्यासाठी एबीसी चांगला. विजेचं काही पेटलं तर आधी मेन स्विच पाडायचा, मग फवारायचं. विजेचा प्रवाह तसाच राहिला तर विझवलेलं पुन्हा धुमसतं.

तर तुमच्या प्रश्नात थोडा बदल सुचवते. "सगळ्यात चांगला कोणता" याच्याऐवजी विचारा, दुपारी दोन वाजता आमच्या घरात कोण असतं? यजमान कुपवाडला, मुलगा शाळेत. घरात तुम्ही, किंवा तुम्ही बाजारात गेलात तर एकट्या सासूबाई. जो सिलिंडर तुम्ही एका हातानं खुंटीवरून काढू शकता, दुसऱ्या हातानं पिन ओढू शकता आणि नळी धरून नेम साधू शकता, तोच तुमच्या घरासाठी चांगला. सहा किलो हे नुसत्या पावडरीचं वजन. टाकी, झडप, नळी धरून तो नऊ-दहा किलोंवर जातो. भरलेली कळशी खांद्याच्या उंचीवरून काढून, न डगमगता धरून नेम साधण्यासारखं आहे ते. कंपनीत शिकवलेली माणसं असतात, जागा मोकळी असते, शेजारच्या खांबावर दुसरा सिलिंडर असतो. तुमच्याकडे आठ बाय दहाचं स्वयंपाकघर आहे.

दोन किलोचा एबीसी घ्या. भरल्यावर साधारण साडेतीन किलो भरतो, म्हणजे पाणी भरलेल्या कुकरएवढा. दुकानात जाताना तुम्ही स्वतः जा, उचलून पाहा, पिन कुठल्या बाजूनं निघते ते पाहा. ही वस्तू नवऱ्यानं आणून बायकोनं वापरायची वस्तू नव्हे. लेबलवर आयएसआयची खूण, आयएस १५६८३ हा क्रमांक आणि सीएम/एलनं सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. भारतीय मानक ब्युरोचं बीआयएस केअर नावाचं मोबाइल ॲप आहे, त्यात तो क्रमांक टाकला की परवाना कुणाचा, चालू आहे की नाही, ते दिसतं. दुकानदारासमोर उभं राहून टाका. खरा माल विकणारा रागावत नाही. टाकीवर बनवल्याचं वर्ष कोरलेलं किंवा छापलेलं असतं, तेही वाचा. चार वर्षं गोदामात पडलेला माल पुसून नवा म्हणून देणारे आहेत.

हल्ली अर्ध्या लिटरचे, डास मारायच्या फवाऱ्यासारखे दिसणारे डबे मिळतात. हलके आहेत, सासूबाईंनाही चालतील असं वाटतं. जोडीला म्हणून असू द्या, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. बरेचसे पुन्हा भरता येत नाहीत आणि आत दाब उरलाय का हे सांगणारा काटाही त्यांना नसतो. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर संगणकाच्या खोलीत उत्तम, मागे कचरा राहत नाही. पण टाकी जाड पोलादाची म्हणून जड, आणि बंद खोलीत तो माणसाच्या श्वासाची हवाही हटवतो. घराला नको.

दोन किलोच्या सिलिंडरबरोबर आणखी एक गोष्ट घ्या असं मी आग्रहानं म्हणेन: काचतंतूंचं फायर ब्लँकेट, साधारण मीटरभर लांब-रुंद. भिंतीवरच्या पाकिटातून दोन फिती खाली ओढल्या की हातात येतं. कढईवर ते स्वतःच्या बाजूनं पलीकडे पसरत टाकायचं, बोटं कडांमध्ये गुंडाळून. कपड्यांनी पेट घेतलेल्या माणसाभोवतीही गुंडाळता येतं, आणि साडी-ओढणी नेसून गॅसपुढे उभं राहणाऱ्या बायकांच्या घरात हे मी मोठं कारण समजते. याला गेज, म्हणजे दाबाचा काटा, नाही, रिफिल नाही, दरवर्षीचा माणूस नाही. परात आहेच. पण परात धुवून कुठल्या कपाटात गेली हे ऐन वेळी कोण शोधणार?

आता जागा. ओट्यालगत टांगलेला सिलिंडर आजच काढा. आग लागेल ती तिथेच लागेल, मग सिलिंडर घ्यायला ज्वाळांवरून हात घालणार का? स्वयंपाकघराच्या दाराबाहेर, घरातून बाहेर पडायच्या वाटेवर, कमरेच्या थोडं वर, हँडल सहज हाताशी येईल अशा उंचीला लावा. त्यात एक फायदा असा की सिलिंडर घ्यायला गेलेलं माणूस आपोआप आगीपासून लांब आणि दाराजवळ जातं, आणि तिथे उभं राहून "परत आत जाऊ का?" हा प्रश्न एकदा तरी मनात येतो. दारामागे नको. माझ्याच घरात मी तो दारामागे लावला होता, त्याच खिळ्यावर रेनकोट आले, छत्र्या आल्या. एका पावसाळ्याच्या शेवटी रेनकोट काढले तेव्हा गेजचा काटा लालमध्ये पडलेला दिसला, म्हणजे आतला दाब गेलेला. कधीपासून, देव जाणे.

परत आत जायचं की नाही, हे ठरवायला फार वेळ मिळत नसतो, म्हणून आधीच ठरवून ठेवा. आग गुडघ्याएवढी किंवा कचऱ्याच्या बादलीएवढी आहे, पाठीमागे बाहेरची वाट मोकळी आहे, आणि कुणीतरी १०१ किंवा ११२ ला फोन लावतंय. तिन्ही असेल तरच फवारा. ज्वाळा छताला लागली असेल, धूर डोळ्यांच्या उंचीला आला असेल, तर सिलिंडर तिथेच टाकून सासूबाईंचा हात धरायचा, दार ओढून घ्यायचं आणि जिना उतरायचा. आधी खाली जा, फोन मग. आणि फवारायचं ठरलं तर पिन ओढायची, नेम ज्वाळेच्या शेंड्यावर न धरता बुडाशी धरायचा, दोन-अडीच मीटरवरून दट्टा दाबायचा आणि अंगण झाडताना झाडू फिरवतो तशी नळी डावी-उजवी फिरवायची. एक सिलिंडर रिकामा झाला आणि आग आहे तशीच, तर आपला खेळ तिथे संपला.

गॅसबद्दल वेगळं सांगते, कारण इथे विझवण्याची घाईच अंगाशी येते. रेग्युलेटरपाशी किंवा नळीच्या टोकाला गॅस जळत असेल तर शक्य असल्यास आधी रेग्युलेटर बंद करायचा. गॅस चालू ठेवून नुसती ज्वाळा विझवली तर तो न जळता खोलीत साठतो, आणि मग एका ठिणगीत स्फोट होतो. आपला एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत पसरतो, म्हणून वरची खिडकी उघडली तरी खाली ओट्याच्या कपाटात राहू शकतो. ज्वाळा नाही, नुसता वास येतोय, तर दिव्याचं बटण चालू करायचं नाही आणि चालू असलेलं बंदही करायचं नाही, ठिणगी दोन्ही वेळा पडते. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, बाहेर येऊन १९०६ ला फोन. हा नंबर गॅसगळतीसाठी चोवीस तास चालतो. नारिंगी सुरक्षा नळीवर तारीख छापलेली असते. पाच वर्षांनी ती बदलायची असते. उद्या सकाळी बघा. माझा अंदाज आहे की सिलिंडरच्या सगळ्या खटाटोपापेक्षा या नळीवरची तारीख वाचण्यानं तुमच्या घराचं जास्त भलं होईल.

गाडीकडे येऊ. डिकीतला एक किलोचा सिलिंडर बाहेर काढा. डिकीत बॅगा, मुलीसाठी नेलेलं धान्य, लाडवांचे डबे. आणि तुमच्या गाडीत सीएनजीची टाकीही डिकीतच असणार. पेटलेल्या गाडीची डिकी उघडून सामान उपसणं हे कुणाला जमेल? तो पुढच्या डाव्या सीटखाली किंवा सीटच्या पुढच्या बाजूला, लोखंडी पट्ट्याच्या कड्यात घट्ट बसवा. सुटा ठेवू नका. चालकाच्या पायाजवळ घरंगळून आलेली बाटली ब्रेकखाली अडकली तर आगीची वाट पाहायला नको. प्लॅस्टिकचं कडं उन्हानं एका वर्षात तडकतं, ते घेऊ नका.

ऊन हा आपल्याकडचा खरा प्रश्न. सांगलीत एप्रिल-मे महिन्यांत उन्हात उभ्या गाडीत आतलं तापमान साठ अंशांच्या आसपास सहज जातं, काचेखालचा डॅशबोर्ड त्याहून जास्त तापतो. सिलिंडरच्या लेबलवर किती अंशांपर्यंत ठेवायचा ते छापलेलं असतं, बऱ्याचदा पंचावन्न. तेव्हा मागच्या काचेखालच्या फळीवर, उशीशेजारी शोभेसाठी ठेवलेला सिलिंडर ही चुकीची जागा. सीटखाली सावली असते, तिथे तुलनेनं थंड राहतं. शिवाय गाडीच्या हादऱ्यांनी पावडर तळाशी बसते, दगडासारखी घट्ट होते. काटा हिरव्यातच राहतो, पण दाबल्यावर नुसता वारा येतो. म्हणून महिन्यातून एकदा तो कड्यातून काढून उलटा धरायचा, बुडावर तळव्यानं दोन-चार थापा मारायच्या, आत पावडर सरकल्याचं हाताला जाणवेपर्यंत. साखरेचा डबा पावसाळ्यात ठोकतो तसं.

एक किलो पावडर म्हणजे हातात सात-आठ सेकंद. डॅशबोर्डखालची वायर, सीटचं कापड, बॉनेटमधून नुकताच येऊ लागलेला धूर, एवढ्यांसाठी तो आहे. पुण्याहून येताना खंबाटकी चढताना बॉनेटमधून धूर दिसला असं समजा. गाडी डावीकडे, चावी बंद, सगळे खाली, रस्त्यापासून लांब, रेलिंगच्या पलीकडे. हे झाल्यावर सिलिंडर. बॉनेट पूर्ण उघडायचं नाही. आतला खटका ओढून ते बोटभर वर येतं, तेवढ्याच फटीतून फवारायचं. पूर्ण उघडलं की हवा आत जाते आणि तोंडावर भडका येतो. गाडीत बसून तर कधीच फवारू नका, पावडरनं समोरचं दिसत नाही आणि श्वास कोंडतो. ज्वाळा मागे सीएनजीच्या बाजूला पोचल्या असतील तर गाडी विम्यावर सोडा आणि चांगलं तीस-चाळीस मीटर लांब जा.

सीएनजीच्या टाकीची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करावी लागते, तारीख टाकीवरच्या किंवा बॉनेटमधल्या पट्टीवर असते. आठ वर्षांच्या गाडीची दोनदा झालेली असायला हवी. आणि यजमानांना हळूच विचारा, दुकानातून जादा दिवे, हॉर्न, आवाजाचे डबे बसवताना वायरी कापून जोडल्या होत्या का, मध्ये फ्यूज आहे का. गाड्या बहुधा अशा जोडांपाशी पेटतात, नाहीतर उंदरानं कुरतडलेल्या वायरीपाशी. मी तर म्हणेन, गाडीच्या सिलिंडरवर जेवढा खर्च झाला तेवढाच चांगल्या इलेक्ट्रिशियनकडे करा.

राहिला तो दारावरचा विक्रेता. दरवर्षी रिफिल सक्तीचं, हे खरं नाही. दरवर्षी जाणकाराकडून तपासणी, हे खरं. पावडर कधी बदलायची याची तारीख सिलिंडरवरच्या चिठ्ठीवर असते. त्याआधी तो फवारला असेल, थोडासुद्धा, किंवा काटा हिरव्यातून खाली आला असेल, तरच भरायचा. थोडासुद्धा म्हणते याचं कारण, "चालतो का बघू" म्हणून एकदा दाबला की झडपेत पावडरीचे कण अडकतात आणि दाब आठ-पंधरा दिवसांत हळूहळू निघून जातो. टाकीची दाबचाचणी साधारण तीन वर्षांनी करतात, कार्बन डायऑक्साइडच्या टाकीची पाच वर्षांनी. दहा वर्षं झालेली पावडरची टाकी भरून घेऊ नका, नवी घ्या. गाडीतल्या एक किलोच्या बाबतीत मी रिफिलपेक्षा बदलणंच पसंत करते, हिशेब जवळपास तोच येतो.

भरायला दिलाच तर समोर उघडून बघा, टाकी बाहेरून पुसून नवी चिठ्ठी चिकटवणं हा धंदा आहे. भरल्यावर वजनकाट्यावर ठेवा. लेबलवरच्या एकूण वजनाशी जुळलं पाहिजे. आणि कुणी "फायर ब्रिगेडकडून आलोय" म्हणून दारात उभा राहिला तर विचारपूस महापालिकेच्या अग्निशमन केंद्रावर करा. अग्निशमन दल दारोदार सिलिंडर विकत नाही. उंच इमारतींसाठी, सोसायट्यांच्या सामाईक यंत्रणेसाठी महाराष्ट्रात २००६ चा कायदा आहे, परवानाधारक संस्थेकडून जानेवारी आणि जुलैत प्रमाणपत्र घ्यावं लागतं. विक्रेता बहुधा त्याचाच धाक तुमच्या घरातल्या सिलिंडरला दाखवतो.

पूर आलेल्या भागात राहणाऱ्या वाचकांसाठी एक ओळ: २०१९ च्या ऑगस्टमध्ये हरभट रोड, गावभाग पाण्याखाली होते तेव्हा पार्किंगमधले, दुकानांतले कितीतरी सिलिंडर दिवसेंदिवस बुडाले. नंतर चिखल धुऊन तेच पुन्हा टांगलेले मी पाहिलेत. बुडाची कड गंजली असेल, झडपेत गाळ गेला असेल तर तो भंगारातच द्या. आत दाब असलेली गंजकी टाकी ही स्वतःच धोका आहे.

तुमच्या सहा किलोच्या सिलिंडरचं काय करायचं? परत करू नका, यजमान हिरमुसतील. खाली पार्किंगमध्ये, दुचाक्या उभ्या असतात तिथे खांबावर लावा आणि सोसायटीला देऊन टाका. तिथे तो योग्य मापाचा आहे. एवढंच बघा की इलेक्ट्रिक स्कूटरची चार्जिंगची जागा जिन्याच्या तोंडाशी नसावी. लिथियमची बॅटरी आतून पेटली की पावडर वरची ज्वाळा दाबते, आत मात्र ती तापतच राहते. तिला भरपूर पाणी लागतं आणि ते काम दलाचं.

आणि त्याची रिफिलची तारीख आली की तो तसाच भरायला देऊ नका. त्याआधी एका रविवारी मोकळ्या मैदानात, वाऱ्याकडे पाठ करून, तुम्ही, मुलगा आणि यजमान तिघांनी थोडा थोडा फवारून बघा. नाहीतरी तो भरायचाच असतो. आयुष्यात पहिल्यांदा दट्टा दाबला जातो तेव्हा आवाजानंच माणूस दचकतं. ते दचकणं मैदानात होऊन जाऊ दे. पावडर घरात उडालीच तर ओल्या फडक्यानं पुसायला घेऊ नका. आधी सुकी झाडून, खरवडून काढा, मग पुसा. ओलाव्यात ती आम्लासारखी वागते, मिक्सर-टीव्हीच्या आतले भाग खाते. उघडं अन्न टाकून द्या.

शेवटी सासूबाई. "अभद्र" म्हणतात म्हणून त्यांच्याशी वाद घालू नका. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईनं चुलीवर रांधलेलं असणार, रॉकेलचा स्टोव्ह पंप मारून पेटवलेला असणार. त्यांना एकदा विचारा, स्टोव्ह भडकला की तेव्हा काय करत होतात? मला खात्री आहे, ओलं पोतं, राख, माती, पालथं घमेलं असं काहीतरी उत्तर येईल, आणि तुमच्या परातीचं मूळ तुम्हाला घरातच सापडेल. ते त्यांनी नातवाला सांगावं, तुम्ही दोघांनी बाजूला बसून ऐकावं. देवघरासमोरून सिलिंडर हलणारच आहे, दाराकडच्या भिंतीला, त्यामुळे तो वाद अर्धा मिटला.

उरलेला अर्धा असा मिटवता येतो का बघा. सांगलीतल्या पुष्कळ घरांसारख्या त्याही संकष्टी धरत असतील. महिन्यातून एकदा येणारा, न विसरला जाणारा दिवस. त्या दिवशी चंद्रोदयाची वाट बघत बसलेल्या असतात तेव्हा सिलिंडर पुसून काटा हिरव्यात आहे का, पिनेचं सील शाबूत आहे का, नळीत झुरळानं घर केलं नाही ना, एवढं बघायचं काम त्यांच्याकडे द्या. उलटा करून थापा मारायचं काम नातवाचं, दोन्ही सिलिंडरचं, घरातलाही आणि गाडीतलाही. चष्मा लावून काटा वाचायला लागल्यावर त्या त्याला अभद्र म्हणतात का, ते मला जरूर कळवा.